आधी शोधा, हार्मोनिक बाहेर पडतोय कुठून

नमस्कार. तुमची अडचण मला समजली ती अशी: द्राक्षबागेतला ओलावा मोजणारं उपकरण, आत तयार लोरा मॉड्यूल (कमी विजेवर लांब पल्ला गाठणारा रेडिओ), 866 मेगाहर्ट्झ, 20 डीबीएम, म्हणजे 100 मिलिवॉट. लॅबमध्ये दुसरा हार्मोनिक (मूळ फ्रिक्वेन्सीच्या दुपटीवर निघणारी नको असलेली लहर), म्हणजे 1732 मेगाहर्ट्झ, उणे 24 डीबीएम आला आणि नापास. आता अँटेनाच्या वाटेवर लो-पास फिल्टर (वरच्या फ्रिक्वेन्सी अडवणारा) टाकून नवा बोर्ड काढायचा तुमचा विचार आहे.

बोर्ड इतक्यात काढू नका.

‘भारतात 1 वॉट चालतो, मग 100 मिलिवॉटला नापास कसं?’ हे तुम्ही विचारलंय, ते आधी. 2021च्या नियमांनी 865 ते 868 मेगाहर्ट्झमध्ये 1 वॉट ट्रान्समीटर पॉवर, 4 वॉट ईआरपी (अँटेनाचा जोर धरून बाहेर पडणारी पॉवर) आणि 200 किलोहर्ट्झ कॅरिअर (मूळ सिग्नल) रुंदी विनापरवाना दिली आहे. ती मुभा त्या पट्ट्यापुरती. तुमचा रिपोर्ट ज्या ईएन 300 220 या युरोपीय मानकाप्रमाणे काढलाय, त्यात 1 गिगाहर्ट्झच्या वर नको असलेल्या लहरींना उणे 30 डीबीएमची मर्यादा आहे. म्हणजे 1 मायक्रोवॉट, तुमच्या कॅरिअरच्या लाखाव्या हिश्श्याइतका. हा काटेकोरपणा उगाच नाही. 1710 ते 1785 मेगाहर्ट्झमध्ये मोबाइल फोन टॉवरशी बोलतात, आणि टॉवर तिथे फार क्षीण सिग्नल ऐकत असतो.

आता मुद्द्याचं. रिपोर्टमध्ये कंडक्टेड, म्हणजे केबल जोडून केलेली, मोजणी आहे का पाहा. अँटेना काढून केबलने मोजल्यावरही हार्मोनिक जास्त असेल, तर फिल्टर हवाच. पण केबलवर पास आणि चेंबरमध्ये (बंद चाचणी-खोलीत, हवेतून मोजताना) नापास असेल, तर बहुतेक वेळा तो अँटेनातून येतच नाही. (अँटेना 1732लाही चांगली चालत असेल, ही दुसरी शक्यता.) खात्री करायला अँटेनाच्या जागी 50 ओहमचा लोड (पॉवर बाहेर न सोडता जिरवणारा रोध) लावा आणि चेंबरमध्ये पुन्हा मोजा. आकडा जवळपास तसाच राहिला, तर फिल्टरचा काडीचाही उपयोग नाही.

मी पाण्याच्या मीटरवर यात तीन आठवडे घालवलेत. दोषी निघाली बॅटरीची वायर, साधारण साडेआठ सेंटिमीटरची. 1732ची तरंगलांबी 17.3 सेंटिमीटर, म्हणजे वायर बरोबर अर्धी, आयती अँटेनाच. तुमच्या सेन्सरची केबल तर याहून लांब आहे, माझा पहिला संशय तिच्यावर. वायर आखूड करा, बोर्डाला चिकटून न्या आणि कनेक्टरपाशी ग्राउंडला 10 ते 15 पिकोफॅरडचा कपॅसिटर लावा. नेहमीचा 100 नॅनोफॅरडचा कपॅसिटर या फ्रिक्वेन्सीला कपॅसिटरसारखा वागत नाही.

मॉड्यूलचं सर्टिफिकेट आहे म्हणून निर्धास्त राहू नका. ती मोजणी त्यांच्या बोर्डावर, त्यांच्या अँटेनाने झालेली असते. तुमचा डबा आणि तुमची केबल त्यात नव्हती.

पुढच्या खेपेला दोन नग न्या: एक अँटेनासह, एक केबल जोडायला एसएमए कनेक्टर लावलेला. दोन्हींत टेस्ट फर्मवेअर हवं, म्हणजे पूर्ण पॉवरवर सलग कॅरिअर आणि सलग मॉड्युलेशन, बटण दाबून बदलता येईल असं. दहा मिनिटांतून एकदा बोलणारा सेन्सर घेऊन गेलात, तर चेंबरचं भाडं वाट पाहण्यातच जातं.

लोड लावून आलेला आकडा इथे टाका. बोर्डाचा लेआउटही टाकलात तर ग्राउंड कुठे तुटतंय ते मी बघतो.