‘लग्न केलं तर पोरांची पेन्शन बंद होईल?’

नाशिकच्या कामगार वस्तीत समुपदेशनाला बसायला लागल्यापासून हा प्रश्न मी अनेक विधवांच्या तोंडून ऐकलाय. मंगलने (नाव बदललंय) तो विचारला तेव्हा तिची सासूही शेजारच्या खुर्चीत बसून होती.

मंगल एकतीसची, मुलं नऊ आणि सहा वर्षांची. नवरा कारखान्यात चार वर्षं काम करून अचानक गेला. ‘दहा वर्षं भरली नाहीत, पेन्शन नाही’ असं कुणीतरी सांगितलं आणि ती पीएफचे पैसे घेऊन गप्प बसली. दहा वर्षांची अट निवृत्तिवेतनाला असते. नोकरीत असताना माणूस गेला तर ईपीएस 95 मध्ये, म्हणजे पीएफसोबतच्या कर्मचारी पेन्शन योजनेत, एका महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी पुरते. हे कळून पेन्शनच्या अर्जाचा 10-डी फॉर्म भरेपर्यंत तिचं दीड वर्ष गेलं.

आता एक स्थळ आलं होतं. माणूस बरा होता, पण म्हणत होता, “देवळात लग्न करू, कागदावर नको. पेन्शन चालू राहील.” सासू म्हणत होती, “पोरांच्या तोंडचा घास काढून लग्न करायचं का?”

मी कागद पुढे ओढला. विधवा पेन्शन समजा 2,000 रुपये. प्रत्येक मुलाला तिच्या 25 टक्के, एका वेळी दोघांपर्यंत आणि वयाच्या पंचविशीपर्यंत. म्हणजे 500 आणि 500. एकूण 3,000. आईने पुन्हा लग्न केलं की तिची पेन्शन थांबते, पण मुलांची 75 टक्क्यांवर जाते. 1,500 आणि 1,500. बेरीज?

“तेवढीच,” मंगल म्हणाली आणि पुन्हा मोजू लागली.

मूल एकच असतं तर 2,500 चे 1,500 झाले असते, हेही सांगितलं. थोरला पंचविशीचा झाला की हिच्याही घरात फरक पडेलच. पण तोवर सोळा वर्षं आहेत. देवळातल्या लग्नाला मात्र मी स्पष्ट नाही म्हटलं. दरवर्षी हयातीच्या दाखल्यासोबत ‘पुन्हा लग्न केलेलं नाही’ असं लिहून द्यावं लागतं. खोटं उघडं पडलं तर वसुली होते. शिवाय नव्या नवऱ्याच्या माघारी बायको म्हणून हक्क सांगायला हातात पुरावा काय राहणार?

रकमा तुटपुंज्याच आहेत. 2014 साली ठरलेलं किमान विधवेला 1,000, मुलाला 250, अनाथ मुलाला 750. अडीचशेत शाळेचे बूटसुद्धा येत नाहीत. मालकाच्या पीएफच्या वाट्यातून पगाराच्या 8.33 टक्के पेन्शनला जातात, तेही 15,000 पगार धरून, म्हणजे महिन्याला जास्तीत जास्त 1,250 रुपये.

हिशेब पटला, तरी मंगल रडू लागली. वाढीव पेन्शनचं नाव ‘अनाथ पेन्शन’ आहे, हे तिने कागदावर वाचलं होतं.

“मी जिवंत असताना माझी पोरं अनाथ कशी, ताई?”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. सरकारी भाषेला पाझर नसतो, एवढंच म्हणाले. सासू मात्र इतका वेळ पदराशी चाळा करत होती, ती पहिल्यांदा माझ्याकडे न बघता सुनेला म्हणाली, “पैशाचं राहू दे. सुट्टीत पोरांना माझ्याकडं धाडशील का नाही, ते सांग.”

पुढची दोन सत्रं आम्ही फक्त त्याच्यावरच बोललो.