एका ‘एस’पायी गेलेले १ लाख ८५ हजार

प्रश्न : मी गिरगावात राहतो, निवृत्त आहे, चांदीची जुनी नाणी जमवतो. चार महिन्यांपूर्वी एका ऑनलाइन बाजारातून, मुंबईतल्याच नाण्यांच्या व्यापाऱ्याकडून, १८९३ चा सॅन फ्रान्सिस्को टांकसाळीचा मॉर्गन डॉलर, म्हणजे अमेरिकेचं चांदीचं नाणं, १ लाख ८५ हजारांना घेतला. आता एका जाणकाराने भिंगाखाली पाहून सांगितलं, की त्यावरचा ‘एस’, म्हणजे सॅन फ्रान्सिस्को टांकसाळीची खूण, मागाहून चिकटवलेला आहे. व्यापारी म्हणतो, ‘चांदी खरी, वजन बरोबर, विकलेला माल परत नाही.’ मित्र म्हणतो, अ‍ॅसिटोनमध्ये बुडवून खात्री कर, नाहीतर गुपचूप विकून टाक. काय करू?

उत्तर : मित्राचे दोन्ही सल्ले आधी मनातून काढा. अ‍ॅसिटोनने गोंद सुटून ‘एस’ गळून पडला, तर तुमची शंका फिटेल, पण पुरावाही जाईल. उद्या व्यापारी म्हणेल, नाणं तुम्हीच बिघडवलंत. आणि बनाव कळल्यावर ते अस्सल म्हणून दुसऱ्याच्या गळ्यात मारलंत, तर फसवणूक तुमच्या नावावर लागेल.

वजन बरोबर असणारच. फिलाडेल्फियात पाडलेला १८९३ चा डॉलरही २६.७३ ग्रॅमचा आणि ९० टक्के चांदीचाच असतो, फक्त त्यावर टांकसाळीची खूण नसते. सॅन फ्रान्सिस्कोत त्या वर्षी अवघे १ लाख डॉलर पाडले गेले. म्हणजे तुम्ही पैसे मोजलेत ते त्या एका अक्षराचे. जाणकाराला चेहऱ्याची बाजूही तपासायला सांगा. अस्सल नाणी त्या बाजूच्या एकाच ठशातून पाडलेली आहेत, आणि ‘लिबर्टी’ शब्दातल्या ‘टी’च्या माथ्यावर एक बारीक तिरकी रेघ दिसते. फार झिजलेल्या नाण्यावर ती पुसट होते, पण तुमच्या नाण्याची अक्षरं ठसठशीत असून रेघ नसेल, तर मागे कितीही सफाईने ‘एस’ बसवलेला असो, नाणं तिथलं नाही. हे सगळं मोठ्या फोटोंसह, सहीनिशी लेखी घ्या.

‘माल परत नाही’ या वाक्याला इथे अर्थ नाही. वर्णनावरून विकलेली वस्तू वर्णनाबरहुकूमच असली पाहिजे, असं १९३० च्या मालविक्री कायद्याचं कलम १५ सांगतं. जाहिरातीप्रमाणे नसलेला किंवा बनावट माल परत घ्यायला ऑनलाइन बाजारातल्या विक्रेत्याला नकार देता येत नाही, हे २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत आहे. त्या बाजाराच्या तक्रार अधिकाऱ्याला आजच लिहा. त्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण द्यायचं असतं.

जाहिरातीचं पान, चॅट, बिल, पैसे भरल्याची नोंद जपा. जाहिरात कधीही काढली जाईल, म्हणून हे सगळ्यात आधी करा. स्क्रीनशॉटसोबत, हा इलेक्ट्रॉनिक पुरावा म्हणून धरला जावा यासाठी, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागेल.

व्यापाऱ्याला पैसे परत मागणारी लेखी नोटीस पाठवा. तिनेही पैसे आले नाहीत, तर तुमच्या भागातल्या जिल्हा ग्राहक आयोगात जा. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रार शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची आहे, आणि आयोग गरज पडल्यास वस्तू मोहोरबंद करून तपासणीला पाठवू शकतो. नाणं संग्रहासाठी घेतलं हे स्पष्ट लिहा. पुढे विकण्यासाठी घेतलेल्या मालाला ग्राहक कायद्याचं संरक्षण मिळत नाही.

पोलिसांत भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीची तक्रार करता येते, मात्र विकताना व्यापाऱ्याला बनाव ठाऊक होता हे दाखवावं लागेल. तोही फसलेला असू शकतो. त्याने आणखी कुणाला असाच माल विकल्याचं कळलं, तर मात्र थांबू नका.

तपासणीसाठी नाणं परदेशी पाठवण्याचा विचार असेल, तर तूर्त नको. शंभर वर्षांवरील नाणी १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येतात आणि परवानगीशिवाय ती देशाबाहेर नेणं गुन्हा आहे. व्यापाऱ्यालाही नोटिशीसोबत फक्त फोटो पाठवा. नाणं हातात द्यायचं ते पैसे खात्यात जमा झाल्यावर, आणि लेखी पोच घेऊनच.