दुसरी ओळ

बाळा, सप्रेम सलाम.

प्रार्थनेला बसलं की मन कोरडं राहतं आणि डोंगरावर गेलं की भरून येतं, म्हणून तुझी श्रद्धाच कच्ची आहे की काय, असं तू विचारलंस. मला तसं मुळीच वाटत नाही. तुझ्या हातात पवित्र शास्त्राचं, म्हणजे बायबलचं, चुकीचं पान आहे, एवढंच.

104वं स्तोत्र उघड आणि मोठ्याने वाच. त्यात आधी दऱ्यांतून झरे वाहतात, रानगाढवं तहान भागवतात, फांद्यांवर पाखरं गातात. माणूस येतो चौदाव्या वचनात, तोही गुरांच्या मागून. पुढे रात्र होते, सिंहाचे छावे गर्जत देवाकडे अन्न मागतात. सूर्य उगवला की ते गुहेत जाऊन पडतात, आणि मग माणूस कामाला निघतो. एकाच जमिनीवर दोन पाळ्या, आणि मालक एकच. मी हे कितीदा वाचलं असेल, पण अजूनही तिथे थांबतो.

या कवीने 'निसर्ग' असा शब्द वापरून काम भागवलेलं नाही. त्याने रानबोकड पाहिलेत. खडकांच्या कपारीत राहणारा, सशाएवढा, शेपूट नसलेला शाफान पाहिलाय. मृत समुद्राकाठी एन-गेदीला हे दोन्ही प्राणी आजही दिसतात. त्याने उंच झाडावरचं करकोच्याचं घरटं पाहिलंय. हिब्रूत करकोच्याला हसीदा म्हणतात, आणि त्याच्या मुळाशी हेसेद आहे, म्हणजे देवाची अढळ प्रीती. ज्या पाखराच्या नावातच प्रीती, ते लाखोंच्या संख्येने दर वसंतात इस्राएलवरून उडत जातं. काही पांढरे करकोचे हिवाळ्यात आपल्याकडच्या माळांवरही उतरतात. दिसले तर हे आठव.

आता मला सगळ्यात प्रिय असलेली जागा. लिव्याथान म्हणजे समुद्रातला अजस्र प्राणी, इतरत्र तो भयंकर आहे. 74व्या स्तोत्रात देव त्याची डोकी ठेचतो. इथे मात्र देवाने त्याला समुद्रात खेळायला घडवलंय. आणि शेवटाकडे कवी म्हणतो, परमेश्वर आपल्या कृतींनी आनंदित होवो. म्हणजे आनंद आधी देवाचा आहे. डोंगरावर तुझं मन भरून येतं ते त्यात तुलाही वाटा मिळतो म्हणून. त्याची लाज कसली वाटते तुला?

शेवटच्या वचनात दुष्टांचा नाश होवो असं आहे, तेही गाळू नकोस. एवढं सुंदर जग कोणी नासवलं की या कवीचा जीव जळतो.

दुःखाच्या दिवसांत मात्र ईयोबाचं पुस्तक वाच, सगळं गमावलेल्या नीतिमान माणसाचं, 38व्या अध्यायापासून. तुझ्या काकू गेल्या त्या वर्षी मला स्तोत्रं म्हणवत नव्हती. ईयोबाने विचारलं होतं, माझ्यावरच हे का? देव त्याचं उत्तर देत नाही. तो विचारतो, रानबकऱ्या कधी वितात हे तुला ठाऊक आहे का? जिथे माणूसच नाही अशा ओसाड रानावर पाऊस कोण पाडतो? आधी मला ते निष्ठुर वाटलं. मग एका संध्याकाळी कळलं की माझ्या दुःखापलीकडेही कुणाची तरी बाळंतपणं होत होती, कुठेतरी पाऊस पडत होता, आणि देव तिथेही हजर होता. त्या रात्री बऱ्याच दिवसांनी झोप लागली.

एक सवय मात्र लावून घे. पवित्र शास्त्रातल्या हिब्रू कवितेत सहसा यमक जुळवत नाहीत, एका ओळीला दुसरी ओळ उत्तर देते. पहिलीत जे दिसलं ते दुसरी पुन्हा, जरा जवळ जाऊन पाहते. डोंगरावर वही घेऊन जा आणि तूही तसं लिही. 'ओढ्याला पाणी आलं' असं लिहिलंस तर लगेच देवाचं नाव घालण्याची घाई करू नकोस, उकिडवा बस आणि पाहा. मग कदाचित लिहिशील, 'खेकडे बिळांबाहेर आले'. देवाला उद्देशून तिसरी ओळ सुचली तर लिही, नाही सुचली तर वही मिटून घरी ये.

पहिल्या पावसानंतरची दोन पानं मला पाठव. पेन्सिलीने लिहिलीस तरी चालेल.

तुझा,
काका