गिझर टांगण्याआधी भिंत ओळख

नवीन ड्रिल घेतलंस, छान. पण गिझरला हात घालण्याआधी भिंतीवर टकटक करून बघ. मुंबईच्या घरांत तीन प्रकारच्या भिंती सापडतात: कॉलम-बीम काँक्रीटचे, जुन्या इमारतीत विटांचं बांधकाम, नव्या टॉवरमध्ये हलके ब्लॉक. ड्रिलमधून करडी भुकटी आली आणि बिट जड चाललं तर काँक्रीट, लाल आली तर वीट. पांढरी येऊन बिट लोण्यासारखं आत गेलं, तर तिथेच थांब. अशा ब्लॉकमध्ये फास्टनर (नट आवळला की भोकात फुलून पकडणारा बोल्ट) फुलला की ब्लॉकच फुटतो. तिथे केमिकल अँकर (भोकात चिकट रसायन भरून त्यात बसवायचा बोल्ट) किंवा आरपार बोल्ट लाव.

प्लास्टर धरू नकोस, त्याला ताकद नसते. भोकाची खोली त्याच्या मागच्या भिंतीत मोज. २५ लिटरच्या गिझरमध्ये नुसतं पाणीच २५ किलो, टाकीचं वजन वेगळं.

भोकातली भुकटी काढणं बहुतेक जण टाळतात. फुंकून भागत नाही, डोळ्यात मात्र जाते. पंपाने हवा मार, ब्रश फिरव, पुन्हा हवा मार. भुकटी राहिली की पकड सैल पडते. मी घाईत हे टाळलं होतं, नट आवळताना अख्खा बोल्ट गरगर फिरू लागला. भोक सोडून दुसरं पाडावं लागलं.

भिंतीच्या कडेपासून बोल्टच्या जाडीच्या दहापट तरी लांब राहा. समुद्राजवळ, उघड्यावर एसी टांगायचा असेल तर ३१६ ग्रेडचं स्टेनलेसच घे.