'ओअर डिपॉझिट'ला काय म्हणायचं : खाण, साठा की निक्षेप?

प्रश्न असा होता की 'धातुक निक्षेपांचे भूरासायनिक वर्गीकरण' असं एक शीर्षक वाचनात आलं, तर त्यात 'निक्षेप' कशाला, सरळ 'धातूंच्या खाणी' का नाही म्हणायचं, आणि 'भूरासायनिक वर्गीकरण' हे तरी बरोबर आहे का.

खाण तर नकोच. खाण माणूस खणतो, आणि ही गोष्ट, म्हणजे जमिनीत एका जागी गोळा झालेला धातूचा दगड, कोणी खणो न खणो, कोट्यवधी वर्षं जमिनीत पडून असतेच. 'साठा' चालेल असं वाटतं पण साठा म्हटलं की लगेच 'किती?' हा प्रश्न येतो, म्हणजे तो मोजलेल्या मालाचा शब्द झाला, इंग्रजीतल्या 'रिझर्व्ह'साठी तो राखून ठेवलेला बरा. राहतो तो निक्षेप. हा शब्द भूशास्त्रवाल्यांनी नव्याने पाडलेला नाही बरं का, मनुस्मृतीत तो आहे, विश्वासाने दुसऱ्याकडे ठेवायला दिलेली वस्तू म्हणजे निक्षेप, आणि ती परत मिळाली नाही तर होणारे तंटे हा तिथे एक वेगळा विषयच आहे. पुढे बँकेतल्या डिपॉझिटला ठेव आणि जमिनीतल्या डिपॉझिटला निक्षेप अशी वाटणी झाली, मला ती सोयीची वाटते.

'धातुक'बद्दल कोणी विचारलं नाहीये पण खरी गंमत तिथे आहे. हिंदीत याला अयस्क म्हणतात, आपल्या शाळेच्या पुस्तकात धातुक. खनिज आणि धातुक एकच असं बरेच जण धरून चालतात, पण ज्यातून धातू परवडेल अशा रीतीने काढता येतो तेच धातुक. परवडेल! म्हणजे हा शब्द अर्धा भूशास्त्राचा आणि अर्धा हिशोबाच्या वहीतला. तांबं बघा, पृथ्वीच्या कवचात सरासरी टनाला ५०-६० ग्रॅम असतं, आणि मोठ्या उघड्या खाणींत अर्ध्या टक्क्याचा दगड चालतो म्हणजे टनाला ५ किलो, तर निसर्गाने ते आधीच शंभरेक पट गोळा करून ठेवलेलं असावं लागतं. सोनं सरासरी टनाला काही मिलिग्रॅम, पण टनाला १ ग्रॅम असलं तरी काही ठिकाणी खणणं परवडतं. भाव पडला की काल जे धातुक होतं ते आज नुसता दगड, रसायन तेच.

आता भूरासायनिक वर्गीकरण. इथे मात्र माझी हरकत आहे. या शब्दाने असं वाटतं की वर्गच रसायनाचे आहेत. तसं वर्गीकरण आहे, पण ते मूलद्रव्यांचं. भूरसायनशास्त्रज्ञ व्हिक्टर गोल्डश्मिट यांनी १९२०च्या दशकात मांडलं, काही मूलद्रव्यं लोखंडाबरोबर जातात, काही गंधकाबरोबर, काही ऑक्सिजनबरोबर खडकांत बसतात, आणि काही हवेत राहतात. (यातल्या गंधकाबरोबर जाणाऱ्या गटाच्या 'कॅल्कोफाइल' या नावाचं 'ताम्रस्नेही' असं भाषांतर करू नका प्लीज, ग्रीक मूळ तांब्याचं असलं तरी ही मंडळी धरतात गंधकाला, गंधकप्रिय म्हणा.)

निक्षेपांचे वर्ग मात्र सहसा ते कसे तयार झाले यावरून पडतात. भूशास्त्रज्ञ वाल्डेमार लिंडग्रेन यांनी १९१३ मध्ये तापमान आणि खोलीवरून गट पाडले, पुढे त्यांना एपिथर्मल (उथळ, कमी तापमानाचे), मेसोथर्मल (मधले), हायपोथर्मल (खोल, जास्त तापमानाचे) अशी नावं दिली, त्यातला एपिथर्मल हा शब्द आजही सर्रास चालतो. प्रश्न एवढाच की तयार होताना बघायला कोणी नव्हतं, मग ठरवायचं कसं, तर तिथे भूरसायन साक्षीला येतं. पायराइट हे लोह आणि गंधकाचं खनिज घ्या, गाळात तयार झालेल्या पायराइटमध्ये कोबाल्ट सहसा निकेलपेक्षा कमी असतं, गरम द्रावणातून आलेल्यात बऱ्याचदा जास्त. मॅग्नेटाइट या लोहाच्या खनिजात टायटॅनियम, व्हॅनेडियम असं काय काय किती शिरलंय ते बघतात. गंधकाचे समस्थानिक (एकाच मूलद्रव्याचे वेगळ्या वजनाचे अणू) तर फारच बोलके, जड गंधकाचं प्रमाण एका ठरलेल्या मापापेक्षा हजारी किती कमी-जास्त ते बघतात, शिलारसातून (वितळलेल्या खडकातून) आलेला गंधक शून्याच्या आसपास, आजच्या समुद्रातल्या सल्फेटचा हजारी सुमारे +२१, आणि बॅक्टेरियांच्या हातून गेलेला बऱ्याचदा चांगलाच ऋण. पण या खुणा एकेकट्या धरल्या तर फसवतात, कारण नंतर दगड तापला, पुन्हा पाणी फिरलं की आकडे सरकतात.

आणि साक्ष मिळाली म्हणून निकाल लागतोच असं नाही. स्वीडनमधल्या किरुनाचं मॅग्नेटाइट सरळ शिलारसातून आलं की गरम द्रावणातून, यावर शंभराहून जास्त वर्षं वाद चाललाय, लोह आणि ऑक्सिजनच्या समस्थानिकांची मापं बरीचशी शिलारसाच्या बाजूने आहेत तरी दुसरा पक्ष काही गप्प बसलेला नाही. आता यातला वर्ग आहे 'शिलारसजन्य' किंवा 'जलतापीय', रसायन हा फक्त पुरावा.

म्हणून शीर्षक मी असं केलं असतं : 'भूरसायनाच्या आधारे धातुक निक्षेपांचे वर्गीकरण'. दोन-तीन अक्षरं वाढतात, वाढू देत. आणि आतमध्ये पॉर्फिरी, स्कार्न ही निक्षेपांच्या गटांची नावं आहेत तशीच ठेवा, त्यांना संस्कृत कपडे चढवायच्या भानगडीत पडू नका. स्कार्न हा स्वीडनच्या खाणकामगारांचा जुना बोलीतला शब्द, इंग्रजीनेही तो जसाच्या तसा उचललाय, आपण उचलला तर काय बिघडतं.