पहिल्या रविवारी मागच्या बाकावर बसा

ताई, यजमान गेल्यानंतर चर्चला यायचं ठरवलंत ना, मग या. पहिल्या दिवशी मागच्या बाकावर, दाराजवळ बसा. गीत चालू असताना गळा दाटला तर गुपचूप उठता येतं. आमच्यातल्या कितीतरी जणी तशा उठून गेल्यात, कुणी वळून बघत नाही. मी तर तीन महिने शेवटच्या गीताआधीच निघायचे.

सध्या एवढंच करा:

- हकिगत लगेच सांगू नका. नाव सांगितलं तरी पुरे.
- रात्री-अपरात्री फोन करता येईल असं एकच माणूस धरा.
- यजमान गेले ती तारीख पाळकांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, आधीच सांगून ठेवा.

नवखी माणसं श्रद्धा दिसावी म्हणून रडू दाबतात. कशाला? आपला मित्र लाजर याच्या कबरेकडे जाताना येशूही रडला, आणि बायबलमधलं स्तोत्र 88 तर शेवटपर्यंत अंधारातच राहतं. दुसरं, दुःखं मोजू नका. कुणाचा देह घरी आला, कुणाचा आलाच नाही.

“देवाची इच्छा” म्हणणारं कुणीतरी भेटेलच. बायबलमधल्या दुःखात बुडालेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस गप्प बसले, तेवढंच त्यांनी बरं केलं! नुसतं “हं” म्हणा नि पुढे सरका.

मुलांना कधी आणायचं, ते नंतर बोलू.