जागा कळली की जीव टांगणीला लागतो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गेल्या दोन-तीन वर्षांत अकरावीतल्या मुलासोबत सात-आठ हॉलिवूडपट बघितले, दर वेळी पॉपकॉर्न धरून हजाराच्या वर गेले, आणि घरी पोचेपर्यंत त्यातलं काही आठवत नाही. माझं वय झालं की सिनेमे बिघडले? आणि भयपटाला थिएटरात जावं का?

वयाचा काही संबंध नाही. मी १९९४ पासून हे सिनेमे बघतोय. त्या वर्षी ‘जुरासिक पार्क’ हिंदीत आला आणि आई मला घेऊन गेली. तिला इंग्रजी येत नव्हतं. तरी डायनासोर यायच्या आधीच तिने माझा दंड घट्ट धरला होता. भर पावसात रस्त्यावर दोन गाड्या उभ्या, एका बाजूला कुंपण, कुंपणापलीकडे बांधलेली बकरी, गाडीत पाण्याचा पेला. पेल्यातल्या पाण्यावर वलयं उठतात. मग बघतो तर बकरी जागेवर नाही. कोण कुठे बसलंय, काच किती जाड, कुंपण किती लांब, हे सगळं आपल्याला आधीच दाखवून ठेवलेलं असतं. आई घाबरली ती त्या अंतराला.

तेव्हापासून माझी कसोटी एकच. मारामारी किंवा पाठलाग ऐन रंगात असताना क्षणभर डोळे मिटायचे आणि स्वतःला विचारायचं, दार कुठल्या बाजूला आहे? सांगता आलं तर सिनेमा चांगला. संध्याकाळी सातला दादरच्या पुलावर रोज उतरणाऱ्याला कुठला जिना कुठे जातो ते पाठ असतं. म्हणून मागून रेटा आला की त्याच्या पोटात नेमका गोळा येतो. नवख्याला तिथे नुसता गोंधळ दिसतो. पडद्यावरही तसंच आहे. जागा माहीत असेल तर धास्ती वाटते, नसेल तर नुसता कलकलाट.

तुम्ही नावं घेतलेल्या बहुतेक सुपरहिरोपटांचा शेवट आठवून बघा. आकाशात करड्या रंगाची झुंबड, खाली कोसळणाऱ्या इमारती, आणि कोण कोणाच्या किती जवळ आहे याचा पत्ता नाही. ते आठवत नाही, कारण आठवायला त्यात जागाच नव्हती. त्यांच्यावर याहून जास्त लिहावंसं वाटत नाही.

आता ‘जॉन विक ४’ (२०२३) घ्या. दिग्दर्शक चॅड स्टाहेल्स्की मूळचा स्टंटमन, ‘मेट्रिक्स’मध्ये याच सिनेमाचा नायक कियानू रीव्ह्ज याच्या जागी स्टंट त्यानेच केले होते. त्यामुळे माणूस पडतो कसा आणि उठायला त्याला किती वेळ लागतो, हे त्याला अंगाने ठाऊक आहे. पॅरिसमधल्या एका पडक्या घरात कॅमेरा उचलून छताच्या वर नेलाय. छप्पर काढलेल्या घरात वरून डोकवावं तशा सगळ्या खोल्या एकदम दिसतात. नायक या खोलीत, पलीकडे भिंतीआड दोघं दबा धरून, आणि त्याला ते दिसत नाहीत पण आपल्याला दिसतात. मध्ये कट नाही, दृश्य कुठेच तुटत नाही. पुढे साक्रे-कूर चर्चखालच्या २२२ पायऱ्या. सूर्योदयाच्या आत वर पोचायचं आहे, मारत मारत तो जवळजवळ पोचतो आणि गडगडत पुन्हा तळाला येतो. आमच्या खेळाला अख्ख्या थिएटरातून एकदम ‘अरे देवा’ आलं, कारण त्या पायऱ्या आम्हीही त्याच्यासोबत चढलो होतो.

‘मॅड मॅक्स: फ्युरी रोड’ (२०१५) थोडा जुना, पण मुलाला दाखवाच. त्यात कट भराभर येतात, तरी डोळा हरवत नाही. दिग्दर्शक जॉर्ज मिलरने महत्त्वाची गोष्ट प्रत्येक शॉटमध्ये चौकटीच्या मध्यावर ठेवायला लावली होती. कट झाला तरी नजर तिथेच राहते, शोधाशोध करावी लागत नाही. संकलनाचं ऑस्कर मार्गारेट सिक्सेलला मिळालं, आणि माझ्या मते त्या दशकात इतकं रास्त ऑस्कर दुसरं नाही.

सगळा दोष ग्राफिक्सचा, असं इथे बरेच जण म्हणतात. मला ते पटत नाही. ‘फ्युरी रोड’मध्येच दोन हजारांच्या आसपास शॉट्सवर कॉम्प्युटरचं काम आहे. ‘टॉप गन: मॅव्हरिक’मध्ये (२०२२) नट खरोखर लढाऊ विमानात बसले होते, तरी त्यातही असं काम भरपूर आहे. फरक एवढाच की तिथे खऱ्या वाळूवर, खऱ्या वजनावर पुटं चढवलीत. मुळात काही नसताना सगळंच रंगवलं की वजन जातं.

‘मिशन इम्पॉसिबल’चे शेवटचे दोन भाग एकाच फूटपट्टीने मोजू नका. ‘डेड रेकनिंग’च्या (२०२३) शेवटी रेल्वेचे डबे एकेक करून दरीत जातात आणि दोघं वर चढत राहतात. प्रत्येक डब्यात काय आहे ते बघा, एकात स्वयंपाकघर, एकात पियानो. डबा उभा झाला की तेच सामान अंगावर येतं. साधी कल्पना, पण मला घाम फुटला होता. ‘फायनल रेकनिंग’ (२०२५) पावणेतीन तासांच्या वर आहे आणि पहिला तास माणसं एकमेकांना आधीच्या गोष्टी समजावून सांगत बसतात. मी खरोखर निराश झालो. मग पाणबुडीचा प्रसंग आला. समुद्राच्या तळाशी पाणबुडी गडगडतेय, आतलं पाणी आणि सामान या बाजूचं त्या बाजूला जातंय, आणि बराच वेळ कोणी एक शब्द बोलत नाही. तेवढ्यासाठी मी तिकिटाचे पैसे माफ केले. शेवटी साठी ओलांडलेला टॉम क्रूझ विमानाच्या पंखाला लटकतो तेव्हा वाऱ्याने त्याच्या गालांची कातडी मागे ओढली जाते, ती मोठ्या पडद्यावरच बघण्यासारखी.

साहसपटांत ‘जुरासिक वर्ल्ड: रीबर्थ’ (२०२५) एकूण बेताचाच. पण नदीवरचा एक प्रसंग जपून ठेवण्यासारखा आहे. काठावर टी-रेक्स झोपलाय, एक कुटुंब श्वास रोखून रबरी तराफा सोडवतंय. तराफा फस्सकन फुगतो, उभा राहतो, आणि मागचा टी-रेक्स दिसेनासा होतो. तराफा खाली पडतो तेव्हा काठ रिकामा. १९९४ च्या बकरीचीच ही युक्ती, आणि ३१ वर्षांनी तीच लागू पडली.

आता भयपट, जिथे माझा जीव जास्त गुंततो. ‘सिनर्स’ (२०२५) १९३२ च्या मिसिसिपीत घडतो. आत गाणंबजावणं चाललंय, बाहेर रक्तपिपासू उभे, आणि आतून कोणी ‘या’ म्हटल्याशिवाय त्यांना पाऊल टाकता येत नाही. तिन्हीसांजेला उंबरठ्यात उभं राहू नये, असं ऐकत वाढलेल्या आपल्या लोकांना ते दार वेगळं समजवावं लागत नाही. बाहेरचे गोड बोलतात, ओळखीच्या आवाजात हाका मारतात, आणि सगळी भीती त्या चौकटीच्या दोन इंचांत राहते. दिग्दर्शक रायन कूगलरने हा सिनेमा नेहमीपेक्षा रुंद अशा ६५ मिमी फिल्मवर चित्रित केला, काही भाग अतिरुंद चौकटीत आणि काही आयमॅक्स या अवाढव्य पडद्यासाठीच्या कॅमेऱ्याने. आयमॅक्स थिएटरात चित्र मधेच उंच होतं तेव्हा थिएटरचं छप्पर उचलल्यासारखं वाटतं. चर्चगेटचं इरॉस आता आयमॅक्स आहे. १९३८ सालच्या त्या इमारतीत शिरतानाच माझं मन थोडं हलकं होतं.

‘वेपन्स’मध्ये (२०२५) रात्री २ वाजून १७ मिनिटांनी एकाच वर्गातली १७ मुलं घरातून उठून अंधारात पळत सुटतात, हात पसरून. पण मला हादरवलं ते दुसऱ्याच प्रसंगाने. एक बाई रात्री गाडीत झोपलीय. समोरच्या घराचं दार हळूच उघडतं, आत मिट्ट काळोख, आणि त्यातून कोणीतरी चालत येतंय. ना संगीत, ना दचकवणं. दार ते गाडी एवढंच अंतर, आणि ते कमी होतंय. मी पाय वर घेऊन बसलो होतो.

‘फायनल डेस्टिनेशन: ब्लडलाइन्स’ (२०२५) रक्ताळ आहे, पण त्यातली अंगणातली मेजवानी जरूर बघा. बर्फात पडलेला काचेचा तुकडा, उड्या मारायच्या जाळीखालचा दंताळ, पाण्याचा पाइप, सगळं आधी दाखवून ठेवतात आणि मग आपल्यालाच वाट बघायला लावतात. या मालिकेतला जुना नट टोनी टॉड याच्या अगदी शेवटच्या कामांपैकी हे एक, आणि आपण जाणार हे माहीत असलेल्या माणसाचं बोलणं ऐकताना गळा दाटून येतो. ‘एलियन: रोम्युलस’ (२०२४) मला आवडला, त्यातले खरे बनवलेले बाहुले-प्राणी फार चांगले. पण दिवंगत नट इयन होमचा चेहरा त्यात कॉम्प्युटरने परत आणलाय, ते बघवलं नाही. मेलेल्या माणसाकडून असं काम करून घेऊ नये.

थिएटरात जावं का? जावं, पण एक अनुभव सांगतो. उपनगरातल्या एका मल्टिप्लेक्समध्ये भयपटाचा आवाज इतका कमी ठेवला होता की शेजारच्या पडद्यावरचा ढोल आमच्याकडे ऐकू येत होता. शिवाय मध्यंतर केलं ते नेमकं पडद्यावर कोणीतरी जिना चढत असताना. दिग्दर्शकाने ते नऊ मिनिटं ताणत आणलेलं, आणि झपकन दिवे, जाहिराती, समोसे. बाहेर जाऊन मॅनेजरला सांगितलं तेव्हा उरलेल्या भागात आवाज वाढला. भयपटात शांतता ही अर्धी भीती असते. ‘अ क्वाएट प्लेस’ (२०१८) बघताना आमच्या रांगेतल्या एका मुलीने वेफर्सचं पाकीट तासभर न उघडता मांडीवर धरून ठेवलं होतं. घरी, पंख्याच्या आणि कुकरच्या शिट्टीच्या आवाजात, असं कधी होत नाही.

तेव्हा आवाज कमी वाटला तर पहिल्या दहा मिनिटांतच उठून सांगा, लाजू नका. मागून तिसरी-चौथी रांग, मधली खुर्ची. मुलगा अठराचा नाही, म्हणून तिकीट काढण्याआधी प्रमाणपत्र बघा, ‘ए’ असेल तर दारातून परत पाठवतात आणि पोरगं हिरमुसतं. या रविवारी घरीच ‘जुरासिक पार्क’चा तो पावसातला प्रसंग त्याला लावून द्या. बकरी दिसली की थांबवा आणि विचारा, दुसरी गाडी कुठे उभी आहे? काय उत्तर देतो ते मला इथे जरूर कळवा.